हार्डवेअर टायमर

दूरचित्रवाणीच्या अनेक रिमोटमधील अवरक्त प्रकाश संदेश पाठविताना सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो. मायक्रोकंट्रोलरकडून असा संकेत निर्माण करण्यासाठी प्रोग्रॅमद्वारे पिन सतत चालू-बंद करता येते. परंतु मध्येच दुसरे काम उपटले की लय बिघडते. म्हणून चिपमध्ये स्वतंत्र हार्डवेअर टायमर असतो. तो घड्याळाचे ठोके मोजतो आणि ठरविलेला आकडा गाठताच पिनची स्थिती स्वतःच उलटवितो. प्रोसेसर इतर कामांस मोकळा राहतो.

‘आर्डुइनो उनो’वरील एटीमेगा ३२८पी या चिपला सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके मिळतात. एका आवर्तनात पिन दोनदा उलटते. त्यामुळे दर २०० ठोक्यांनी ती उलटविल्यास नेमके ४० किलोहर्ट्‌झ मिळतात. ३८ किलोहर्ट्‌झ मात्र नेमके साधत नाहीत. २१० ठोक्यांनी ३८.१०, तर २११ ठोक्यांनी ३७.९१ किलोहर्ट्‌झ मिळतात. रिमोटला एवढा फरक चालतो.

वारंवारता वाढते तशी ही दरी रुंदावते. प्रत्येक ठोक्याला पिन उलटविल्यास ८ मेगाहर्ट्‌झ, दर दोन ठोक्यांनी उलटविल्यास थेट ४. या पद्धतीत मधला आकडा मिळतच नाही. वेग वाढविताना अचूकतेवर पाणी सोडावे लागते, ते असे.