जुम्मा मशिदीतले तळे

लग्नसराईत झवेरी बाजारात किंवा मंगलदास मार्केटात पाऊल टाकले नाही, अशी मुंबईची गृहिणी विरळाच. सोन्याची घडणावळ आणि लुगड्यांचे भाव यांत मन गुंतलेले असताना शेजारच्या जुम्मा मशिदीकडे आपले लक्ष जात नाही. शिवाय तळमजल्याला बाहेरून दुकानेच दुकाने. आत काय असेल याची कल्पना यावी कशी? आत एक जिवंत तळे आहे.

अठराव्या शतकात हा भाग बागांचा होता. तळ्यासह ही जागा एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याच्या मालकीची होती. तेथे मशीद बांधण्यास त्याने संमती दिली ती एका अटीवर : तळे होते तसे राखले पाहिजे. १७७५ साली काम सुरू झाले, मध्येच तंटे उपस्थित झाले आणि मशीद पुरी व्हायला १८०२ साल उजाडले. तळे बुजवायचे नाही म्हटल्यावर पाण्यातूनच काळ्या दगडाच्या सोळा कमानी उठवून त्यांवर इमारत पेलली आहे. पूर्वेच्या दरवाजातून आत गेले की समोर पाणी, उतरायला पायऱ्या, पाण्यात मासे नि कासवे. तळाशी झरे असल्यामुळे पाण्याचा भरणा आपोआप होतो. नमाजापूर्वी हात, तोंड, कोपरापर्यंत बाहू व पाय धुऊन डोक्यावरून ओला हात फिरवायचा, याला वजू म्हणतात. बाहेरून आल्यावर पाय धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल न टाकणाऱ्या आपल्या आज्यांना ही शिस्त परकी वाटली नसती!

इमारत प्रथम एकमजली होती. पुढे नाखुदा महंमद अली रोघे यांच्या औदार्याने तिचा विस्तार झाला. रोघे हे सर जमशेटजी जिजीभाई यांचे चीनच्या व्यापारातले भागीदार. नाखुदा म्हणजे तांडेल, जहाजाचा कप्तान. आपला ‘नाखवा’ हा शब्द याच फारशी शब्दावरून आला. कोकणी मुसलमान समाज हा असा दर्यावर्दी. अरब व्यापारी कोकणच्या बंदरांत येऊन राहिले, येथल्या लोकांशी सोयरिकी झाल्या, आणि घरची बोली कोकणची झाली. गावावरून पडलेली, ‘कर’ने संपणारी आडनावे त्यांच्यात आजही पुष्कळ आढळतात.

माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२ ते १४३१) हे याच किनाऱ्यावरच्या अरब वंशातले. कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारा हा थोर पंडित. पण लोकांच्या तोंडी आहे ती पाण्याच्या पेल्याची गोष्ट. आईने रात्री पाणी मागितले. मुलगा पाणी घेऊन येईपर्यंत तिचा डोळा लागला होता. तिची झोप मोडू नये म्हणून तो पेला हातात धरून पहाटेपर्यंत उशाशी उभा राहिला. दंतकथा म्हणून ती कोणी सोडून देईल. मला तरी त्यांच्या पांडित्याइतकीच ती मोलाची वाटते.

पाण्याचे मोल त्या काळच्या मुंबईला सांगावे लागत नव्हते. विहारचे पाणी १८६० साली आले. तोवर शहराची सारी भिस्त विहिरी आणि तळ्यांवर, आणि ते पाणी घरापर्यंत पोचे ते बहुतेक बायकांच्या डोक्यावरून. मशिदीचे काम सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १७७४ साली, तेथून हाकेच्या अंतरावर मुंबादेवीचे तळे बांधले गेले. ते बांधवणारी एक बाई होती, पुतळीबाई. ज्या काळात बायकांची नावे दप्तरांत क्वचितच येत, त्या काळातले हे नाव आपल्या मंडळाच्या पानांवर मुद्दाम नोंदवून ठेवावेसे वाटते.

नळ आले तशी तळ्यांची किंमत उतरली. १९११ साली डॉ. बेंटले यांचा हिवतापासंबंधीचा अहवाल निघाला. डासांचे मूळ साचलेल्या पाण्यात व उघड्या विहिरींत असल्याने पुष्कळ विहिरी झाकल्या गेल्या किंवा बुजल्या. तापाने माणसे मरत होती, तेव्हा त्या निर्णयाला दोष देता येत नाही. पण त्या सुमाराच्या दहा-वीस वर्षांत तळीही गेली. धोबी तलाव गेला, गवालिया टँक गेला (१९४२ ची ‘चले जाव’ सभा भरली ती त्याच्याच मैदानावर), आणि पुतळीबाईचे तळेही गेले. आज तेथून जाताना पाण्याची खूणही दिसत नाही.

जुम्मा मशिदीतले तळे मात्र राहिले. ते बुजवायचे तर वरची मशीदच उतरवावी लागली असती, आणि त्या पाण्याचे रोजचे काम कधी थांबले नाही. पहाटेच्या नमाजाला आलेली माणसे आजही त्याच पायऱ्यांवर बसून हात-पाय धुतात.