शेत जागचे हलत नाही: तंजावरचे गावदप्तर आणि प्रायमरी की

प्रायमरी की ठरली की पुढचा प्रश्न येतो: टेबलमधल्या ओळीही त्याच क्रमाने मांडायच्या का? मांडल्या तर तो क्लस्टर्ड इंडेक्स. ओळींची मांडणी एकच असते, म्हणून असा इंडेक्सही टेबलला एकच. नॉनक्लस्टर्ड इंडेक्स ही वेगळी यादी. ती ओळीचा पत्ता सांगते, आणि अशा याद्या अनेक करता येतात.

प्रश्न संगणकाहून जुना आहे. 1799 मध्ये दुसऱ्या सरफोजींशी झालेल्या तहाने तंजावरचा कारभार कंपनीकडे गेला. कावेरीकाठच्या काही मिरासी गावांत त्या काळी शेते ठरावीक वर्षांनी वाटेकऱ्यांत फिरवून वाटली जात. कसणारा बदले, शेत मात्र तिथेच. पुढे रयतवारीत मोजणी झाली, शेतांना सर्व्हे नंबर पडले आणि दप्तर त्या क्रमाने लागले.

आजही तिथले ए-रजिस्टर सर्व्हे नंबरने चालते: क्षेत्र, नंजै की पुंजै, आकारणी, पट्टा क्रमांक. चिट्टा मात्र पट्ट्याच्या, म्हणजे धारकाच्या, क्रमाने असतो आणि त्यात त्या धारकाचे सर्व्हे नंबर. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी 7/12 आणि 8अ आठवावेत.

हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो. पिकांची पाहणी करणारा अधिकारी शेजारची शेते ओळीने वाचतो. जमीन विकली गेली तर ए-रजिस्टरातली ओळ जागेवरच दुरुस्त होते. धारकाच्या क्रमाने मांडले असते तर दर खरेदीखताला ती ओळ उचलून दुसरीकडे न्यावी लागली असती.

अडचण येते पोटहिश्श्यांची. 45 चे 45/1 आणि 45/2 झाले की बांधीव वहीत मधे जागा नसते. बायर आणि मॅकक्राइट यांच्या 1972 च्या निबंधातल्या बी-ट्रीत भरलेले पान दुभंगून जागा केली जाते. ते फुकट होत नाही. म्हणूनच विस्कळीत येणाऱ्या कीवर क्लस्टर केले की नोंदी घालणे मंदावते.

आता तुमचे टेबल. एसक्यूएल सर्व्हर प्रायमरी कीला सहसा आपणहून क्लस्टर्ड करतो, पण तशी सक्ती नाही. इनोडीबी प्रायमरी कीच्याच क्रमाने ओळी ठेवते. पोस्टग्रेस ओळी क्रमाविना साठवते. गावदप्तराचे टेबल एसक्यूएल सर्व्हरमध्ये असेल, तर प्रायमरी की साधा क्रमांक ठेवून ती नॉनक्लस्टर्ड करा, आणि क्लस्टर गाव, सर्व्हे नंबर, पोटहिस्सा यांवर. फक्त ही की आटोपशीर ठेवा. चिट्टा पान क्रमांक न लिहिता सर्व्हे नंबर लिहितो, तसे तिथला प्रत्येक नॉनक्लस्टर्ड इंडेक्स क्लस्टर्ड कीच सोबत वागवतो.