उतरलेली बॅटरी

मोटारीची किल्ली फिरवावी आणि इंजिनाच्या गुरगुरण्याऐवजी बॉनेटखालून 'कट्' असा एक क्षीण आवाज यावा, हा प्रसंग गाडी बाळगणाऱ्या बहुतेकांवर केव्हा ना केव्हा येतोच. रात्री दिवे चालू राहिले, किंवा गाडी महिना-दोन महिने जागची हलली नाही, की बॅटरी उतरते. इंग्रजीत तिला 'मेलेली' म्हणतात. मराठीतील 'उतरलेली' हा शब्द शास्त्राला अधिक धरून आहे. कारण जे उतरले ते पुन्हा चढविता येते, आणि या बॅटरीचे सारे महत्त्व त्या एका गुणात आहे.

१८०० साली व्होल्टाने पहिली विद्युत्‌घटमाला जगापुढे मांडली, तेव्हा तिच्यातील द्रव्ये खर्ची पडली की तिचे काम संपे. १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी शिशाचे दोन पत्रे मध्ये अंतर राखून गुंडाळले व सौम्य गंधकाम्लात बुडविले. या घटातून वीज घेता येई, आणि उलट दिशेने वीज सोडली की तो पुन्हा भरे. वीज देताना त्याच्या दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते व अम्ल पाणचट होत जाते. दोन्ही पट्ट्या एकसारख्या झाल्या की त्यांच्यात ओढ उरत नाही. भरताना हीच क्रिया उलटते. १८८१ साली कामिय फोर यांनी शिशाच्या ऑक्साइडचा लगदा पट्ट्यांवर लिंपण्याची युक्ती काढली आणि हे घट कारखान्यात करण्याजोगे झाले.

आरंभीच्या पेट्रोल मोटारीला मात्र सुरू होण्यासाठी या बॅटरीची गरज नव्हती. इंजिन सुरू करायचे ते पुढून हँडल मारून, आणि ठिणगी मिळे ती बहुधा मॅग्नेटो नावाच्या, स्वतःच्या फिरण्याने वीज उत्पन्न करणाऱ्या यंत्रातून. त्या व्यवस्थेत बॅटरी उतरण्याचा प्रश्नच नव्हता. हात मोडण्याचा मात्र होता. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देई आणि हँडल मनगटावर येई. म्हणून अनुभवी चालक अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवून हँडल धरीत. मनगटाजवळच्या हाडाच्या एका अस्थिभंगाला अस्थिरोगतज्ज्ञ अजूनही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात. नाव ठेवून गेला तो हा हँडल मारणारा शोफर.

यातून सुटका केली ती अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी. डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत असताना त्यांनी गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर जोडली होती. गल्ल्याची मोटर दिवसभर चालत नाही. क्षणभर जोर लावते आणि थांबते, म्हणून लहान असली तरी तेवढा भार सोसते. मोटारीलाही नेमके एवढेच हवे होते. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत त्यांचा सेल्फ-स्टार्टर बसला. इंजिन फिरविणारे तेच यंत्र पुढे चालत्या इंजिनाकडून बॅटरी भरून घेई. बॅटरीवर चालणारी ठिणगीची योजनाही त्यांनी त्याआधीच कॅडिलॅकला दिली होती. म्हणजे हँडलापासून माणसाला मोकळे करणाऱ्यानेच गाडीच्या दोन्ही नाड्या एका पेटीच्या हाती दिल्या.

आणखी एक मौज अशी की, त्या काळी अमेरिकेच्या शहरांतून विजेच्या मोटारी बऱ्याच चालत, आणि हँडल नसल्याने स्त्रियांना त्या विशेष सोयीच्या वाटत. ती सोय पेट्रोलच्या गाडीत आली आणि विजेच्या गाडीचा एक मोठा आधार गेला. तिला मागे टाकण्याच्या कामी तिचीच बॅटरी आली.

जुन्या अँबॅसडर गाड्यांत हँडलाची सोय पुष्कळ काळ टिकली होती. स्टार्टरला शंभराहून अधिक अँपिअर लागतात, ठिणगीला चार-दोन पुरतात. त्यामुळे स्टार्टरला न जुमानणाऱ्या बॅटरीवरही हँडल मारून गाडी सुरू होई. हँडल नसले तर किल्ली चालू ठेवायची, दुसरा गिअर टाकायचा, क्लच दाबून धरायचा आणि गल्लीतल्या चार माणसांना हाक मारायची. गाडीने वेग घेतला की क्लच सोडायचा. आजच्या स्वयंचलित गिअरच्या गाड्यांना सामान्यतः हा धक्का लागू पडत नाही. तेथे दुसऱ्या गाडीची बॅटरी तारांनी जोडावी लागते: धन टोकाला धन, आणि ऋणाची शेवटची तार उतरलेल्या बॅटरीला न लावता त्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेट घेतो. गाडी सुरू झाली तरी बॅटरी लगेच भरत नाही. तिला सावकाश काही तास भरावे लागते. आठवडेच्या आठवडे ती उतरलेलीच राहिली तर पट्ट्यांवरील सल्फेटचे स्फटिक टणक होतात, मग वीज कितीही सोडा, ते पूर्ववत होत नाहीत. इंग्रजी शब्द खरा ठरतो तो तेव्हा.

विजेच्या मोटारी आता परतल्या आहेत. त्यांची चाके लिथियमच्या भल्या मोठ्या बॅटरीवर फिरतात. पण दारांची कुलुपे, दिवे आणि यंत्रणा जागी करणारा संगणक यांसाठी त्यांतील पुष्कळ गाड्यांत एक लहानशी बारा व्होल्टची बॅटरी वेगळी असते, आणि ती अनेकदा शिशाचीच असते. ती उतरली की मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.