भिंतीवरची बढती

बँकेत बढती मिळते ती सेवाज्येष्ठतेने. मराठी घराच्या भिंतीवर ती मिळत आली मरणोत्तर. हयातभर ज्यांना चहाला साखर किती हेही कुणी विचारलं नाही, ते तेराव्याच्या आत काच, खिळा आणि चंदनी हारासकट बैठकीच्या खोलीत रुजू होतात.

वास्तविक फोटोला चौकट लागली ती मानापानासाठी नव्हे, धास्तीपोटी. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरसाहेबांची युक्ती जाहीर झाली. तिच्यात चित्र उमटायचं ते चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर, आणि बोट लागलं की बिघडायचं. म्हणून वर काच, भोवती चौकट आणि बाहेर छोटीशी पेटी. नवऱ्याची छबी अशी दागिन्यासारखी जपली जायची! पुढे १८५४ साली डिस्देरी नावाच्या गृहस्थाने एकाच काचेवर अनेक छब्या घेण्याची रीत पेटंट केली. फोटो स्वस्त झाले आणि पेटीतून आल्बमात आले. त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीही निघाली. पण ही हौस साहेब, संस्थानिक आणि शेटजी यांची.

तुमच्या-आमच्या भिंतीत खिळा ठोकला तो देवांनी. १८९४ साली राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला. पुढे तो मळवलीला गेला. लक्ष्मी-सरस्वती छापून निघाल्या आणि चौकटीत बसून चाळीच्या खोलीतही आल्या. चौकट आली म्हणजे हार आला, उदबत्ती आली. मग चौकटीत बसायचा अधिकार कुणाला? देवांना, आणि देवाघरी गेलेल्यांना!

तसबीर टांगायचीही एक रीत होती. वर तार, खाली दोन लाकडी ठोकळे आणि तसबीर पुढे झुकलेली. म्हणजे पाटावर बसलेल्यालासुद्धा नीट दर्शन. या झुकावामुळे मागे जी जागा राही, ती चिमण्या बळकावत. पोरांचा आवाज ज्यांना हयातीत खपला नाही, त्या आजोबांच्या पाठीमागे दर उन्हाळ्यात बाळंतपण!

या बढतीतही बायका मागेच राहिल्या. आजोबा कोट-टोपी चढवून स्टुडिओत जाऊन आलेले असत. आजी गेली की मात्र शोधाशोध. ती सापडे कुणाच्या तरी मुंजीच्या ग्रुप फोटोत, मागच्या रांगेत, अर्धी खांबाआड. फोटोवाला तेवढा चेहरा कापून मोठा करी आणि पुसट झालेले नाकडोळे ब्रशने काढी. भिंतीवर येई ती भलतीच कुणी बाई. नातवंडं जन्मभर तिलाच आजी समजून नमस्कार करत.

हल्ली फोनमध्ये हजारो फोटो असतात आणि भिंत रिकामी. काही हौशी मंडळी मात्र दोरीला चिमटे लावून फोटो टांगतात, धुणं वाळत घातल्यागत. कुणी ते जिन्याच्या कडेने चढवतात, कुणी जुन्या खिडकीच्या चौकटीत बसवतात. मी त्यांना हसत नाही. त्या दोरीवर जिवंत माणसं असतात, त्यांत बायकाही असतात आणि चक्क हसत असतात.

तेव्हा आईचा एक फोटो, तिला आवडलेला, आजच चौकटीत घाला. मागे पेन्सिलीने नाव आणि साल लिहा. ती म्हणेल, "अरे, माझा कशाला लावतोस? मी आहे ना अजून!"

म्हणावं, "म्हणूनच."