पहाटेचा भूकंप आणि रिकामे वर्ग

दि. २२ मे १९९७. पहाटेचे सव्वाचार वाजून गेले असताना जबलपूरची भूमी हादरली. ५.८ तीव्रतेच्या या भूकंपाचे केंद्र शहरालगतच्या कोसमघाट परिसरात, सुमारे ३५ किलोमीटर खोल होते. किमान ३८ माणसे दगावली, हजारो घरांना तडे गेले. साडेतीन वर्षांपूर्वीचे किल्लारी येथील मराठी घरांना पुन्हा आठवले.

शाळांना तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी होती. वर्ग रिकामे होते. त्या दिवशी विद्यार्थी वाचले ते आपल्या सिद्धतेमुळे नव्हे, तर दैवयोगाने. हेच संकट दिवसा आले तर काय घडते, हे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमधील अंजारने पाहिले. प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली मुले आणि त्यांचे शिक्षक अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या घरांखाली गाडले गेले.

शिक्षकाची खरी कसोटी अशाच क्षणी लागते. हादरे बसत असताना मुलांना बाकाखाली बसवावे, जिन्याकडे धावू देऊ नये. नंतर हजेरीपट घेऊन मैदानात एकेक नाव पुकारावे आणि प्रत्येक मूल त्याच्या पालकांच्याच हाती सोपवावे. वर्गातून सर्वांत शेवटी बाहेर पडावे ते शिक्षकाने. असे धैर्य ऐनवेळी सुचत नाही. ते सरावानेच अंगी बाणते.

हीरक महोत्सवी वर्षात पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी शाळेला निकालाबरोबरच आणखी एक प्रश्न अगत्याने विचारावा : अशी कवायत शेवटची केव्हा झाली?