जिभेखालची गोळी

घरात हृदयरोगाचा माणूस असला की औषधांच्या डब्यात सॉर्बिट्रेटची पट्टी बहुधा सापडते. नाव आठवलं नाही तर ‘ती जिभेखालची’ म्हटलं तरी औषधवाल्याला कळतं. या गोळीचं घराणं सुरुंगाच्या दारूचं आहे. ती काय करते आणि काय करत नाही, हे त्या घराण्याची हकिकत ऐकली की चांगलं कळतं.

आधी दुखणं. २१ जुलै १७६८ रोजी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये डॉक्टर विल्यम हेबर्डन यांनी एक टिपण वाचलं. १७७२ मध्ये ते छापून आलं. माणूस चालत असतो, त्यातून चढावर, त्यातून नुकताच जेवलेला. छातीत एकाएकी अशी कळ दाटते की आता जीव जातो. तो थांबला की कळही थांबते. हेबर्डन यांनी या दुखण्याला अँजायना पेक्टोरिस म्हटलं. हृदयाच्या धमन्यांशी त्याचा संबंध आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण श्रमाने येणारी आणि विसाव्याने जाणारी कळ ही त्यांनी सांगितलेली खूण आजही पहिल्या भेटीत डॉक्टर विचारतात.

धमन्यांचा संशय आला एडवर्ड जेन्नरला, म्हणजे देवीच्या लशीवाल्याला. त्याचे गुरू, नामांकित शल्यविशारद जॉन हंटर, यांनाच हे दुखणं होतं. गुरूच्या मनाला लागेल म्हणून जेन्नर उघडपणे बोलला नाही. आपल्याला डिवचणाऱ्या कुठल्याही हलकटाच्या हाती आपला जीव आहे, असं हंटर म्हणत. १६ ऑक्टोबर १७९३ ला सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या बैठकीत खडाजंगी झाली आणि ते तिथेच कोसळले. संताप हाही हृदयाला श्रमच.

पुढची सत्तरेक वर्षं औषध असं नव्हतंच. ब्रँडी, अफू, शीर तोडून रक्त काढणं. १८६७ मध्ये एडिंबरोच्या लॉडर ब्रंटनने अमिल नायट्राइटचा वास रुग्णांना दिला आणि कळ मिनिटभरात ओसरली. पण हा उतारा थोडाच वेळ टिकायचा. त्याच वर्षी आल्फ्रेड नोबेलने डायनामाइटचं पेटंट घेतलं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येण्याचं कारण नव्हतं.

डायनामाइटमधलं नायट्रोग्लिसरीन इटलीत तुरिनच्या अस्कानिओ सोब्रेरोने १८४७ मध्ये तयार केलं होतं. जिभेला थेंबभर लावलं तरी डोकं भयंकर ठणकतं, हेही त्याने लिहून ठेवलं. पुढे यावर डॉक्टरांत मतभेद झाले. कुणी म्हणे भलतंच जालीम, कुणी म्हणे काहीच होत नाही. लंडनच्या विल्यम मरेलने, तेव्हा तो पंचविशीतला, निवाडा स्वतःवर केला. एक टक्का द्रावणाच्या बाटलीचं ओलं बूच जिभेला लावून तो रुग्ण तपासायला बसला. थोड्याच वेळात नाडी अशी धडधडायला लागली की हातातली लेखणी प्रत्येक ठोक्याला उडत होती! रुग्णासमोर चेहरा कसा ठेवला असेल कोण जाणे. नाडीचे आलेख काढल्यावर ते अमिल नायट्राइटच्या आलेखांशी जुळले, फक्त परिणाम जास्त टिकणारा होता. मग त्याने ते अँजायनाच्या रुग्णांना दिलं आणि १८७९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं.

उतारवयात नोबेललाही अँजायना झाला आणि डॉक्टरांनी हेच औषध सांगितलं. औषधवाले आणि लोक बिचकू नयेत म्हणून त्याला ट्रायनायट्रिन म्हणतात, असं नोबेलने १८९६ च्या एका पत्रात खट्याळपणे लिहिलं. सुरुंगाच्या दारूच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र आठवड्याच्या सुट्टीनंतर सोमवारी डोकेदुखी व्हायची. शरीर औषधाला सरावतं आणि दोन दिवसांत ती सवय मोडते, हा धडा तिथला. नायट्रोग्लिसरीनमधून रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड सुटतं हे फेरिद मुराद यांनी १९७७ च्या सुमारास दाखवलं. १९९८ चं नोबेल पारितोषिक त्यांना आणखी दोघांसह मिळालं.

सॉर्बिट्रेट म्हणजे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, त्याच कुळातली धाकटी पाती. पोटातून गेली तर यकृत तिचा बराच भाग निकामी करतं, म्हणून जिभेखाली. ती मुख्यतः शिरा सैल करते. हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, हृदयाचं ओझं हलकं होतं. रक्तदाब उतरतो, डोकं ठणकतं, म्हणून ती बसूनच घ्यायची. सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायाग्रा, घेतलेल्या माणसाने चोवीस तासांत ही गोळी घेतली तर रक्तदाब जीवघेणा खाली जाऊ शकतो, तेव्हा लाजून लपवण्यात अर्थ नाही.

हार्ट अटॅकमध्ये धमनीत गुठळी अडकते. गोळी ती विरघळवत नाही. हेबर्डन यांच्या रुग्णाची कळ तो थांबल्यावर गेली. अटॅकची कळ थांबूनही जात नाही, बसल्या जागीही येते, जबड्यात, डाव्या हातात, पाठीत उतरते, घाम फुटतो, दम लागतो. बायकांत आणि मधुमेह्यांत छातीत कळ येतेच असं नाही. नुसता थकवा, मळमळ किंवा धाप असते. यावर आपल्याकडे सोडा आणि ओवा आधी निघतो. आणि गोळीने बरं वाटलं म्हणजे हृदयाचंच, नाही वाटलं तर गॅसच, हा हिशेबही चुकीचा: अन्ननलिकेची उबळही या गोळीने सैल होते. खरं काय ते ईसीजी आणि रक्ततपासणी सांगते.

ज्याला डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आहे त्याने बसून एक घ्यावी. पाच मिनिटांत कळ गेली नाही किंवा वाढली तर १०८ ला फोन करावा. ज्याला पहिल्यांदाच अशी कळ आली त्याने शेजाऱ्याकडे गोळी न मागता थेट १०८ लावावा. गाडी येईपर्यंत कुणीतरी गोळी घेतल्याची वेळ कागदावर टिपावी, चालू औषधांची चिठ्ठी पिशवीत टाकावी, आणि रुग्णाला स्वतः स्कूटर काढून दवाखान्यात जाऊ देऊ नये.