चार टक्के परतीचा उजेड

लेसरचा झोत सेन्सरपर्यंत न्यायला प्रयोगशाळेच्या टेबलावर दोन आरसे पुरतात. सेन्सर पुलाच्या काँक्रीटमध्ये गाडलेला असला, की आरशांचा काही उपयोग नाही; तिथे काचेचा तंतू, म्हणजे ऑप्टिकल फायबरच लागतो. या फायबरची कुळकथा बहुतेक जण पंजाबातल्या मोग्याला जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानींपासून सुरू करतात. त्यात चूक काही नाही. पण प्रकाशाची नुसती ने-आण करणारा फायबर स्वतःच मोजमाप करू लागला, त्या शाखेचा उगम मला कॅनडातल्या ओटावात दिसतो, आणि तोही एका नकोशा परावर्तनात.

आधीच्या पिढ्या भराभर सांगून टाकू. जिनिव्हाच्या डॅनियल कोलाडन यांनी पाण्याच्या वाकलेल्या धारेतून प्रकाश कसा वळतो, हे १८४२ साली प्रसिद्ध केले. मग थेट जानेवारी १९५४. ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन टिपणे आली. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातल्या हॅरल्ड हॉपकिन्स आणि कपानी यांनी तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे पाठवले होते. नेदरलँड्सच्या आब्राहम व्हान हील यांनी तंतूला कमी अपवर्तनांकाचे पारदर्शक वेष्टण दिले होते. माझा कौल वेष्टणाला. उघडा तंतू शेजारच्या तंतूला टेकला किंवा त्याला बोटाचा तेलकटपणा लागला, की प्रकाश तिथून गळतो. वेष्टणाने ती गळती बंद केली.

१९६० मध्ये लेसर आला. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिले, की लांब फायबरमध्ये प्रकाश वाटेतच विरतो, ती खोट काचेत नसून तिच्यातल्या अशुद्धीत आहे. किलोमीटरमागे २० डेसिबलपेक्षा कमी घट, म्हणजे शंभरातला निदान एक भाग पलीकडे पोचला, तरी दूरसंचाराचे काम भागेल असा त्यांचा हिशेब होता. कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी १९७० मध्ये ते साधले. एवढी सगळी खटपट एकाच दिशेने चालली होती: बाहेरच्या जगाचा आतल्या प्रकाशाला स्पर्श होऊ द्यायचा नाही.

सेन्सरवाल्यांनी हा फायबर सुरुवातीला पोस्टमनसारखा वापरला. प्रकाश न्यायचा, समोरच्या पृष्ठभागावर टाकायचा, परत आलेला मोजायचा आणि त्यावरून अंतर काढायचे. पण वाटेत तंतू जरा वाकला, एखादा जोड ढिला झाला, तरी परतणारा प्रकाश कमी होतो. मग आकडा बदलला तो पृष्ठभाग हलला म्हणून, की वायर कुणी ओढली म्हणून? केवळ प्रकाशाची तीव्रता मोजून याचा उलगडा होत नाही.

आता ओटावा, १९७८. तिथल्या कम्युनिकेशन्स रिसर्च सेंटरमध्ये केन हिल आणि त्यांचे सहकारी आर्गॉन लेसरचा तीव्र झोत जर्मेनियममिश्रित सिलिकाच्या फायबरमध्ये सोडत होते. हे काम ज्याने केले आहे त्याला त्यातली कटकट ठाऊक असते. गाभा जेमतेम काही मायक्रॉनचा. भिंगाने झोत बारीक करायचा, तीन स्क्रू केसभर फिरवत तो गाभ्यावर आणायचा, आणि कुणी टेबलाला धक्का दिला की पुन्हा पहिल्यापासून. एवढे करून प्रकाश आत शिरला, तरी दुसऱ्या टोकाशी काच संपून हवा सुरू होते तिथून सुमारे चार टक्के प्रकाश मागे फिरतो. तो लेसरमध्ये घुसून त्यालाच बिघडवतो, म्हणून आज कनेक्टरचे टोक आठ अंश तिरके घासतात.

ओटावातल्या फायबरचे टोक सरळ कापलेले होते. झोत चालूच राहिला, तसतसा पुढून बाहेर पडणारा प्रकाश घटत गेला आणि मागे येणारा वाढत गेला. झाले असे, की जाणारा प्रकाश आणि ते परतीचे चार टक्के एकमेकांवर पडून आत उजेड-अंधाराचे स्थिर पट्टे तयार झाले. उजेडाच्या पट्ट्यांत काचेचा अपवर्तनांक किंचित, पण कायमचा बदलला. मीटरभर लांबीचा तंतू आता एका ठरावीक तरंगलांबीचा आरसा झाला होता, आणि तो आरसा लेसरनेच स्वतःसाठी कोरला होता.

तो नेमका किती अरुंद पट्टा परतवतो, हे तपासायला त्यांनी फायबर ताणून आणि तापवून पाहिला. म्हणजे सेन्सर त्यांच्या हातात होता. शोध मात्र चालला होता फिल्टरचा! पुढे दशकभर ही गंमतच राहिली, कारण आरसा लिहिणाऱ्या लेसरच्याच तरंगलांबीपुरता चाले. १९८९ मध्ये अमेरिकेत मेल्ट्झ, मोरी आणि ग्लेन यांनी दोन अतिनील झोत बाजूने फायबरवर तिरके टाकून पट्टे लिहिले. झोतांमधला कोन बदलला की पट्ट्यांमधले अंतर बदलते, त्यामुळे आता हवा त्या तरंगलांबीचा आरसा हव्या त्या जागी करता येऊ लागला. त्याला फायबर ब्रॅग ग्रेटिंग म्हणतात.

याने वायर ओढली गेल्याची शंकाही मिटवली. प्रकाश किती परत आला याला महत्त्व उरले नाही, कोणत्या तरंगलांबीचा आला ते पाहायचे. १५५० नॅनोमीटरच्या ग्रेटिंगवर लांबीच्या दहा लाखाव्या भागाइतका ताण आला, तर परतणारी तरंगलांबी सुमारे १.२ पिकोमीटरने सरकते. वेगवेगळ्या तरंगलांब्यांची ग्रेटिंग एकाच फायबरवर ओळीने लिहिता येतात. कॅनडातल्याच कॅलगरी शहरात १९९३ साली बांधलेल्या बेडिंग्टन ट्रेल पुलाच्या गर्डरांत असे सेन्सर बसवले गेले.

खोड एकच राहिली. तापमान एक अंशाने चढले तरी तरंगलांबी दहा पिकोमीटरच्या आसपास सरकते, म्हणजे पुलावर ट्रक आला की ऊन, हे एकटे ग्रेटिंग सांगू शकत नाही. म्हणून शेजारी दुसरे ग्रेटिंग बारीक नळीत सैल सोडून ठेवतात. त्याला ताण पोचत नाही, फक्त ऊन पोचते. पहिल्याच्या आकड्यातून उन्हाचा वाटा वजा करायचा.